सिकलसेलचं कार्ड आणि मलेरियाचा हिशोब

मागच्या उन्हाळ्यात आमच्या तालुक्यात ओळखीच्या घरचं एक लग्न मोडलं. मुलगी बी.एस्सी. झालेली, मुलगा नोकरीवाला, दोन्ही घरं राजी. साक्षगंधाची तारीखही ठरली होती. मग कुणीतरी मुलीचं सिकलसेलचं कार्ड पाहिलं. कार्डावर 'एएस'. मुलाचं कार्ड नॉर्मल, म्हणजे 'एए'. पण 'पोरीला सिकल निघाली' हे वाक्य गावभर फिरलं आणि चार दिवसांत निरोप आला, जमत नाही म्हणून.

मुलीचा मामा माझ्याकडे येऊन बसला होता. चहा तसाच थंड झाला. शेवटी म्हणाला, "भाऊ, पोरगी कधी एक दिवस आजारी पडली नाही. मग आमच्याच रक्तात हे काऊन आलं?"

आजारी का पडली नाही, याचं उत्तर सोपं आहे. एएस म्हणजे वाहक. आई-वडिलांपैकी एकाकडून सिकलचं जनुक आलं, दुसऱ्याकडून साधं. वाहक हा रुग्ण नसतो. रुग्ण म्हणजे 'एसएस', दोन्हीकडून सिकलचंच जनुक आलेला. आणि एएस मुलीचं एए मुलाशी लग्न झालं, तर त्यांच्या पोटी एसएस मूल येऊच शकत नाही. म्हणजे हे लग्न मोडायचं काही कारणच नव्हतं. पण 'आमच्याच रक्तात का' या प्रश्नाचं उत्तर चहाच्या एका कपात सांगून होत नाही. ते इथे लिहितोय. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

सुरुवात शिकागोपासून करावी लागते. १९०४ सालच्या डिसेंबरात वॉल्टर क्लेमंट नोएल नावाचा दंतवैद्यकीचा एक विद्यार्थी तिथल्या इस्पितळात दाखल झाला. मूळचा कॅरिबियनमधल्या ग्रेनाडा बेटावरचा, कृष्णवर्णीय. अर्नेस्ट आयरन्स या शिकाऊ डॉक्टरने त्याचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं, तर गोल पेशींच्या गर्दीत लांबट, विळ्यासारख्या वाकलेल्या पेशी दिसल्या. त्याचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये ते प्रसिद्ध केलं. नोएल शिक्षण पुरं करून घरी परतला, दात बघत राहिला आणि १९१६ साली, वयाच्या बत्तिशीत वारला. अशा पेशी आफ्रिकेत आणि आपल्याकडे त्याआधी हजारो वर्षं लोकांच्या अंगात होत्या, पण वैद्यकाच्या पुस्तकात आजाराची नोंद झाली ती इथून.

आणि तिथूनच एक खोड लागली. अमेरिकेत रुग्ण कृष्णवर्णीय, म्हणून हा 'निग्रो रक्ताचा' आजार ठरला. पुढे ग्रीक, इटालियन वंशाच्या गोऱ्या घरांतही विळा-पेशी सापडल्या, तेव्हा डॉक्टर निदानावर फेरविचार करण्याऐवजी त्या घरांच्या वंशावळीवर संशय घेऊ लागले. मागे कुठेतरी आफ्रिकी पूर्वज असणारच म्हणे! आजाराचं कारण माणसाच्या जातकुळीत शोधायची सवय आपल्यालाच आहे असं समजू नका.

१९४९ साल या गोष्टीत फार महत्त्वाचं. लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की बिघाड पेशीत नसून तिच्या आतल्या हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे. एका आजाराचं मूळ एका रेणूपर्यंत नेऊन दाखवण्याची ती पहिली वेळ. नेमका बदल काय, हे पुढे व्हर्नन इन्ग्रॅमने शोधलं: साखळीतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक अॅसिडऐवजी व्हॅलिन. बस, एवढंच. पण ऑक्सिजन कमी झाला की असे रेणू एकमेकांना चिकटून दांडकी तयार होतात, पेशी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. मग हाडं फोडून काढणाऱ्या वेदना. साधी लाल पेशी १२० दिवस जगते, ही दहा-वीस दिवसांत संपते. प्लीहा लहानपणीच निकामी होते, जंतुसंसर्ग होतो, कधी कोवळ्या वयात पक्षाघात.

इथे कुणालाही प्रश्न पडावा. इतका वाईट आजार, औषध नव्हतं त्या काळात एसएस मुलं बहुधा मोठी व्हायच्या आत मरायची. म्हणजे प्रत्येक पिढीत ते जनुक थोडं थोडं कमी व्हायला हवं. हजारो वर्षांत नाहीसंच व्हायला हवं. मग काही भागांत दर चार-पाच माणसांमागे एक वाहक कसा?

जे. बी. एस. हाल्डेन यांना हा प्रश्न थॅलेसेमियाबद्दल पडला होता. तोही हिमोग्लोबिनचा आजार, भूमध्य समुद्राच्या काठच्या लोकांत भरपूर. १९४८-४९ च्या सुमारास त्यांनी अंदाज बांधला, की वाहकांना मलेरियापासून काहीतरी संरक्षण मिळत असावं, म्हणून जनुक टिकलं. (हे हाल्डेन पुढे १९५७ मध्ये ब्रिटन सोडून भारतात आले, धोतर-कुडत्यात वावरले, इथलं नागरिकत्व घेतलं आणि १९६४ साली भुवनेश्वरला गेले. देह त्यांनी वैद्यकीय महाविद्यालयाला दिला. त्यांच्यावर कधीतरी वेगळं लिहीन.)

सिकलचं कोडं सोडवलं ते अँथनी अॅलिसनने. केनियात वाढलेला हा पोरगा १९४९ साली ऑक्सफर्डच्या मोहिमेबरोबर केनियात गेला आणि ठिकठिकाणच्या लोकांचं रक्त तपासत फिरला. समुद्रकिनारी आणि व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी वाहकांचं प्रमाण २० टक्क्यांच्या वर. उंच, थंड डोंगराळ भागात एक टक्क्याहूनही कमी. भाषा आणि टोळ्या यांच्याशी हे जुळेना. जुळत होतं ते डासांशी. जिथे मलेरिया बारमाही, तिथे सिकल जास्त. डॉक्टर झाल्यावर तो १९५३ मध्ये परत गेला. लहान मुलांच्या रक्तात वाहकांमध्ये मलेरियाचे परजीवी कमी सापडले. मग लुओ जमातीतल्या तीस माणसांना त्याने मुद्दाम मलेरियाची लागण करवून पाहिली. वाहक नसलेल्या पंधरांपैकी चौदा जणांना लागण झाली, वाहक असलेल्या पंधरांपैकी दोघांनाच. असा प्रयोग आज कुठलीही नैतिकता समिती होऊ देणार नाही, आणि देऊही नये. पण १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या या कामाने जे सांगितलं ते आजवर टिकून आहे. गंभीर मलेरियापासून वाहकांना सुमारे ९० टक्के संरक्षण मिळतं. परजीवी घुसलेली पेशी लवकर वाकते आणि प्लीहा तिला गाळून टाकते, शिवाय परजीवीची वाढही खुंटते. एसएस रुग्णाला मात्र याचा लाभ नाही. उलट त्याला मलेरिया झाला तर जिवावर बेततं, हे लक्षात असू द्या.

आता थोडं गणित. आकडे मी समजुतीसाठी घेतलेत, पण हिशोब खरा आहे.

समजा एका मलेरियाच्या मुलखात हजार मुलं जन्मली. जनुकांच्या दहा प्रतींपैकी एक सिकलची. तर साधारण ८१० मुलं एए, १८० एएस, १० एसएस. औषध नाही, त्यामुळे दहाही एसएस मुलं गेली. आणि ८१० साध्या मुलांपैकी ९० मलेरियाने गेली. वाहक सगळे वाचले. आता जनुकांच्या प्रती मोजा. साध्या जनुकाच्या १८० प्रती गेल्या, सिकलच्या २०. सुरुवातीला प्रमाण नऊला एक होतं, गेलेल्यांचंही नऊला एक. म्हणजे उरलेल्यांतही तेच. पुढच्या पिढीत पुन्हा तेच. हजारो वर्षं तेच.

नव्वद आणि दहा, शंभर मुलं गेली, पण जनुक जागचं हललं नाही. निसर्गाला आरोग्याशी देणंघेणं नाही. कुणाची पोरं जगून पुढे पोरं जन्माला घालतात, एवढीच त्याची मोजदाद. आपण ज्याला 'खराब जनुक' म्हणतो त्याने त्या १८० मुलांना तापातून तारलं, आणि त्याची किंमत दुसऱ्या दहांनी चुकवली.

त्या मामाला मी हेच सांगायचा प्रयत्न केला. तुमच्या रक्तात हे आलं, कारण तुमचे वाडवडील जिथे राहिले तिथे मलेरिया होता, आणि ज्यांच्या अंगात हे होतं त्यांची पोरं जास्त वाचली. तुम्ही त्या वाचलेल्यांचे वंशज. तो म्हणाला, "मग बाकीच्यायच्या अंगात काऊन नाही?"

प्रश्न बरोबर होता. त्यासाठी भारतात यावं लागतं.

आपल्याकडे १९५२ साली दोन ठिकाणांहून एकदमच बातमी आली. हर्मन लेहमान आणि मेरी कटबुश यांना निलगिरीतल्या आदिवासींत सिकल सापडला. आणि आसामातल्या चहामळ्यांच्या मजुरांतही सापडला. हे मजूर मूळचे आसामचे नव्हतेच, मध्य आणि पूर्व भारतातून मळ्यांवर नेलेले होते. लेहमान यांनी तेव्हा अंदाज मांडला, की एका प्राचीन 'वेड्डॉइड' मानववंशाच्या स्थलांतरातून हे जनुक पसरलं असावं. पुन्हा वंश! मग १९५८ मध्ये नागपुरातल्या डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांचा लेख 'लॅन्सेट'मध्ये आला, आणि मध्य भारतात सिकल केवळ जंगलातल्या जमातींत नाही, तर महार, कुणबी, तेली अशा गावगाड्यातल्या जातींतही आहे हे पुढे आलं. विदर्भात 'हा आदिवासींचा आजार' म्हणणाऱ्यांनी ही तारीख लिहून ठेवावी. सत्तरीच्या घरातली गोष्ट आहे ती.

१९८० च्या दशकात जनुकाच्या आजूबाजूचा मजकूर वाचता येऊ लागला, तेव्हा दिसलं की भारतातला सिकल आणि पूर्व सौदी अरेबियातला सिकल एकाच घडणीचा आहे, आणि आफ्रिकेतल्या प्रकारांहून वेगळा. त्यावरून हा बदल दोन्हीकडे स्वतंत्रपणे घडला असं मानलं गेलं. २०१८ मध्ये एका विश्लेषणाने सगळ्यांचं मूळ एकच, सुमारे सात हजार वर्षांपूर्वीच्या आफ्रिकेत, असं सुचवलं. या वादात मी पडत नाही. जनुक कुठूनही आलेलं असो, ते टिकलं आणि वाढलं ते मलेरियामुळे, हे दोन्ही बाजूंना मान्य आहे.

आणि मलेरिया वाढला कशामुळे? फ्रँक लिव्हिंगस्टोन या मानवशास्त्रज्ञाने १९५८ मध्येच पश्चिम आफ्रिकेबद्दल लिहिलं होतं, की शेतीसाठी रान तोडलं, ऊन जमिनीपर्यंत पोचलं, डबकी साचली, डासांना जागा झाली, वस्ती दाट झाली. म्हणजे कुऱ्हाडीने रान बदललं, रानाने ताप आणला आणि तापाने माणसाचं रक्त बदललं. हे वाचलं तेव्हा मला आपल्या सातपुड्याची आणि चंद्रपूर-गडचिरोलीची आठवण झाली. गडचिरोलीत आजही भरपूर मलेरिया निघतो.

तर मामाच्या प्रश्नाचं उत्तर असं. जनुक टिकवलं मलेरियाने, पण ते ठराविक लोकांतच राहिलं ते आपल्या लग्नाच्या रीतीमुळे. बेटी-व्यवहार जातीत, जमातीत. शेजारच्या वाडीत राहणाऱ्याला डास चावताना जात विचारत नव्हता, पण सोयरीक जुळताना विचारली जात होती. डॉ. एस. एल. काटे यांनी महाराष्ट्रभर वर्षानुवर्षं फिरून जी पाहणी केली, तिच्यात भिल, पावरा, माडिया, परधान अशा जमातींत वाहकांचं प्रमाण २० ते ३५ टक्के निघालं, आणि काही समाजांत शून्य. शंभरात वीस वाहक असतील, तर दर पंचवीस लग्नांत एक लग्न वाहक-वाहक पडतं आणि त्यांच्या दर चार मुलांत सरासरी एक एसएस. म्हणजे शंभर जन्मांत एक. तीन हजार वस्तीच्या गावात अशी किती घरं असतील, तुम्हीच मोजा.

आता सरकारी कार्यक्रमाकडे येतो. जुलै २०२३ मध्ये मध्य प्रदेशात शहडोलला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. शून्य ते चाळीस वयोगटातल्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असं उद्दिष्ट. तपासणी व्हायलाच हवी, त्यात दुमत नाही. पण 'निर्मूलन' कशाचं? वरचंच गणित पुढे न्या. उद्या मलेरिया पूर्ण गेला असं धरा. उपचार अजिबात करायचे नाहीत, प्रत्येक एसएस मूल मरू द्यायचं, असंही धरा. तरी जनुकाचं प्रमाण दहा टक्क्यांवरून पाचवर यायला दहा पिढ्या लागतात. अडीचशे वर्षं! म्हणजे जनुकाचं निर्मूलन २०४७ पर्यंत होत नाही आणि ते करायचंही नाही. निर्मूलन व्हायचं ते वेदनांचं, बालमृत्यूंचं. कागदावर असंच लिहिलंय, 'सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून' निर्मूलन. पण गावात पोचतो तो एकच शब्द. आणि तो चुकून माणसांना लागू होतो.

हे अमेरिकेत घडून गेलंय. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला काही राज्यांनी कृष्णवर्णीयांसाठी सक्तीच्या तपासणीचे कायदे केले. काही कायद्यांत तर वाहक आणि रुग्ण यांतला फरकसुद्धा धड नव्हता. धडधाकट वाहकांना नोकरीत, विम्यात अडचणी आल्या. अमेरिकी हवाई दलाच्या अकादमीची दारं त्यांना १९८१ पर्यंत बंद होती. आणि ज्यांनी हा आजार रेणूपर्यंत नेला त्या पॉलिंग यांनी १९६८ मध्ये लिहिलं होतं, की वाहक तरुणांच्या कपाळावर खूण गोंदावी, म्हणजे दोन वाहक एकमेकांच्या प्रेमात पडायचे नाहीत. माणूस वाईट नव्हता हो. शांततेचं नोबेल मिळालेला माणूस. मुलांच्या यातना थांबाव्यात म्हणूनच सुचवत होता.

ग्रीसमध्ये ऑर्कोमेनोस नावाच्या गावात त्याच दशकात सगळ्यांची तपासणी करून सल्ला दिला गेला. काही वर्षांनी पाहणी झाली. वाहकांना कमी लेखलं जाऊ लागलं होतं, म्हणून लोक लग्न ठरवताना वाहकपण लपवत होते. परिणामी वाहक-वाहक लग्नं जवळपास तेवढीच झाली, जेवढी तपासणी न करता झाली असती. तपासणीचा सगळा खटाटोप शरमेने खाल्ला.

आपल्याकडे 'कुंडलीऐवजी सिकलचं कार्ड जुळवा' असं प्रचारात सांगतात. हेतू चांगला. पण आपला समाज कुंडली कशी वापरतो ते आपल्याला माहीत आहे. मंगळ निघाला की दोष मुलीचा. आमच्या तालुक्यात तेच झालं. कार्डाचं काम एवढंच, की दोन वाहकांना निर्णय घेण्यापूर्वी शक्यता कळावी. त्यांनाही लग्न करायचं असेल तर गर्भावस्थेत तपासणीची सोय आहे, तो त्यांचा निर्णय. आणखी एक भानगड म्हणजे 'पॉझिटिव्ह' हा शब्द. शिबिरात जी सोल्युबिलिटी टेस्ट करतात, ती वाहकातही पॉझिटिव्ह येते आणि रुग्णातही. पुढची तपासणी झाल्याशिवाय एएस की एसएस ते कळत नाही. मधल्या काळात आख्ख्या गावाला 'पॉझिटिव्ह' एवढंच कळलेलं असतं.

आणि जे खरे रुग्ण आहेत त्यांचं काय? १९४८ मध्ये ब्रुकलिनच्या जॅनेट वॉटसन या बालरोगतज्ज्ञाने पाहिलं, की नवजात बाळांत विळा-पेशी फार कमी असतात, कारण त्यांच्यात गर्भातलं हिमोग्लोबिन अजून शिल्लक असतं. हायड्रॉक्सियुरिया हे औषध हेच गर्भातलं हिमोग्लोबिन वाढवतं. लहानपणी रोज पेनिसिलिन दिलं तर जीवघेणे संसर्ग कितीतरी कमी होतात, हे १९८६ मध्येच सिद्ध झालं. दोन्ही गोळ्या काही सोन्याच्या भावाच्या नाहीत. भारतीय रुग्णांत गर्भातलं हिमोग्लोबिन मुळातच जास्त असतं, म्हणून 'आपल्याकडचा सिकल सौम्य' असं वर्षानुवर्षं म्हटलं गेलं. नागपुरातल्या डॉक्टरांनी जन्मापासून मुलांचा पाठपुरावा केला तेव्हा दिसलं, की अनेकांचा आजार चांगलाच तीव्र आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, हेही किती घरांना माहीत असेल?

तुमच्या गावच्या आरोग्य केंद्रात तीन गोष्टी विचारा. हायड्रॉक्सियुरिया बारा महिने मिळतं का? एसएस लहान मुलांना पेनिसिलिन सुरू आहे का? कार्ड देताना कुणी बसून समजावून सांगतं का, की नुसतं हातात ठेवतं? उत्तरं कमेंटमध्ये टाका, गावाच्या नावासह. रुग्णाचं नाव मात्र टाकू नका.

मुलीसाठी आता दुसरं स्थळ आलंय. मामाचा फोन होता परवा. विचारत होता, कार्ड आधी दाखवायचं की नंतर. मी म्हटलं आधीच दाखवा, आणि मुलाचंही मागा. त्यांना समजावून सांगायला मी येतो.